पुलगाव ते बल्लारपूर : जुन्या गेम कॅसेटींच्या शोधात

शनिवार, पुलगाव

टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटी विदर्भात शोधायच्या असतील, तर नागपूरच्या सीताबर्डीपेक्षा त्या काळी ज्या लहान गावांत दर महिन्याला ठरलेला पगार येत होता तिकडे जावे, असे माझे मत बनत आले आहे. कापसाचा पैसा घरात वर्षातून एकदाच येतो, आणि येण्याआधीच त्याला वाटा फुटलेल्या असतात. मुलासाठी शेकडो रुपयांचे खेळणे घेण्याची ऐपत १९९०च्या दशकात मुख्यतः डेपो, कोळसा खाण, पेपर मिल आणि वीज केंद्र यांच्या वसाहतींत होती, आणि विजेचा भरवसाही तिथेच होता. म्हणून या खेपेला दारूगोळ्याच्या भांडारामुळे वाढलेले पुलगाव, नंतर बहिरमची यात्रा, यवतमाळ जिल्हा, वणीकडचा कोळशाचा पट्टा आणि शेवटी बल्लारपूर असा मार्ग मी ठरवला. मुंबईच्या चोरबाजारात कॅसेटी मिळतात, पण त्या आधीच चार हातांनी निवडलेल्या असतात. टोकियोच्या अकिहाबारात जुन्या खेळांची दुकाने किंमत लावून मांडलेली आहेत, तर अमेरिकेतील संग्राहक घरोघरच्या अंगणातील विक्रीवर नजर ठेवून असतात. आपल्या खेड्यांत यांपैकी काहीच नसल्यामुळे इथे दुकान शोधून उपयोग होत नाही, माणूस शोधावा लागतो.

तो माणूस बहुतेक वेळा टीव्ही दुरुस्त करणारा असतो. पुलगावात स्टेशनपासून चालत जाता येईल अशा गल्लीत एका वयस्कर मेकॅनिकचे दुकान आहे. तिथे मी गेलो तेव्हा ते एका मिक्सरची मोटर उघडून बसले होते. मी काय शोधतो आहे हे ऐकल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "त्या गेमच्या कॅसेटी विचारून राह्यले का तुमी? आता कोन घेते बापा त्या!" मी घेतो असे सांगितल्यावर त्यांनी नातवाला माळ्यावर चढवले. अडॅप्टर जळाला किंवा टीव्हीवर चित्र येईनासे झाले की लोक गेमचा सेट त्यांच्याकडे आणून टाकत, आणि दुरुस्ती होईपर्यंत मुलगा दहावीत गेलेला असल्यामुळे तो न्यायला पुन्हा कोणी येत नसे. अशा न नेलेल्या सेटांनी भरलेले एक खोके धुळीसकट खाली आले.

खोक्यातील यंत्रांवर लिटल मास्टर आणि टर्मिनेटर ही नावे होती. आपल्याकडे विकली गेलेली अशी यंत्रे जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिली कॉम्प्युटरच्या, म्हणजे फॅमिकॉमच्या, नकला होत्या, त्यामुळे त्यांच्या खाचेत साठ पिनांची कॅसेट बसते. त्याच कंपनीने १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या यंत्राची कॅसेट बहात्तर पिनांची आणि आकारानेही मोठी असते. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांकडून कॅसेट मागवणाऱ्या नवख्या संग्राहकाने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी, कारण अमेरिकन कॅसेट आपल्या जुन्या यंत्रात पिना जुळवणाऱ्या वेगळ्या जोडणीशिवाय चालत नाही, जपानी मात्र सहज बसते.

खोक्यातील कॅसेटी मी एकेक करून उजेडात पाहिल्या. निन्टेंडोच्या मूळ जपानी कॅसेटीला स्क्रू नसतो, तिचे दोन भाग आतल्या खाचांनी एकमेकांत अडकलेले असतात. नकलेला बहुधा मागून स्क्रू असतो, आणि उघडल्यावर आतल्या सर्किटच्या पट्टीवर धातूच्या पायांच्या चिपऐवजी चिप झाकणारा काळ्या इपॉक्सीचा, म्हणजे घट्ट झालेल्या राळेचा, थेंब दिसतो. तरी नकलांतही श्रेणी असतात. जुन्या नकलांमध्ये पायांच्या खऱ्या चिपा बसवलेल्या सापडतात आणि क्वचित काचेची खिडकी असलेली, पुसून पुन्हा लिहिता येणारी ईप्रॉम चिप निघते. तशी एक इथे निघाली. तिच्या खिडकीवरची चिकटपट्टी काढण्याचा मोह कोणीही करू नये, कारण अतिनील प्रकाशाने आतील मजकूर पुसला जातो. ती कॅसेट आणि आणखी काही मी घेतल्या. मेकॅनिककाकांनी पैसे घ्यायला बराच वेळ नकार दिला, शेवटी नातवाच्या हातात ठेवले तेव्हा ते गप्प राहिले.

रविवार, बहिरम

परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्याला लागले की सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरम येते. डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या सुमारास सुरू होणारी ही यात्रा जानेवारीभर चालते. हंडीतले मटण आणि रोडगे यांच्या धुराने सगळा परिसर भरलेला होता. त्याचे वर्णन अनेकांनी केले आहे, म्हणून मी सरळ खेळण्यांच्या ओळीकडे वळतो.

समोर मांडलेल्या मालात कॅसेट नव्हतीच. आता विकली जातात ती हातात मावणारी, चारशे खेळ आतच भरलेली यंत्रे. पण यात्रांवर दुकान लावणाऱ्यांची एक सवय संग्राहकाच्या कामाची आहे : न खपलेला माल ते फेकत नाहीत, पेटीच्या तळाशी ठेवून पुढच्या यात्रेला नेतात, आणि अशा पेट्या वर्षानुवर्षे तळापर्यंत उपसल्या जात नाहीत. म्हणून मी तरुणांना वगळून फक्त केस पांढरे झालेल्या दुकानदारांना विचारत गेलो. शेवटच्या टोकाला फुगे आणि पिपाण्या विकणारे एक गृहस्थ होते. त्यांनी आधी गिऱ्हाइके वाटेला लावली, मग लोखंडी पेटीतील सगळा माल सतरंजीवर काढला, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या न उघडलेल्या कॅसेटी निघाल्या, सगळ्या एकाच छापाच्या, लेबलावर "६४ इन १", म्हणजे एका कॅसेटीत चौसष्ट खेळ, असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या.

'न उघडलेली' म्हणजे काय, हे इथे नीट सांगायला हवे, कारण परदेशी संग्राहकांच्या कसोट्या या मालाला लागू पडत नाहीत. अमेरिकेत विकला गेलेला निन्टेंडोचा डबा पातळ प्लास्टिकमध्ये आवळून गुंडाळलेला असे आणि त्या वेष्टनाचा मागील जोड कसा आहे यावरून तिथले जाणकार ते कारखान्यातले की नंतर चढवलेले हे ठरवतात. आपल्याकडे आलेल्या मालाला असे वेष्टन क्वचितच होते. या कॅसेटी कडक पारदर्शक डबीत होत्या, डबीत रंगीत छापील कागद, बाहेर साधी पिशवी आणि पिशवीच्या तोंडाला स्टेपलची पिन. अशी पिशवी आजही कोणालाही बंद करता येते, म्हणून मी पिनेच्या गंजाकडे पाहतो. पिन जुनी असेल तर तिच्या गंजाचा डाग कागदात उतरलेला असतो आणि तो पिनेच्या आकाराशी जुळतो. दुसरी खूण पिनांच्या पट्टीवर मिळते. कॅसेट एकदा जरी यंत्रात बसवली तरी सोनेरी पट्ट्यांवर उभे बारीक ओरखडे उमटतात. डबी पारदर्शक असल्यामुळे ती तिरपी धरून हे बंद स्थितीतही पाहता आले. पट्ट्या स्वच्छ होत्या. तिसरी गोष्ट म्हणजे रंग : दोरीला टांगून विकलेल्या मालाची एकच बाजू उन्हाने उडालेली असते, आणि इथे सगळ्यात वरच्या पाकिटाची तशी होती.

सौदा होत आला होता, तेवढ्यात त्यांच्या भाच्याने मोबाइल काढून मला बातमी दाखवली की मारिओच्या एका कॅसेटीला कोट्यवधी रुपये मिळाले. बातमी खरी होती. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात सुपर मारिओ ६४ची एक न उघडलेली प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. त्याने एका पाकिटाचा एक लाख सांगितला. गरज असलेल्या माणसापुढे अशी बातमी आली की त्याने जास्त किंमत सांगणे स्वाभाविक आहे, आणि अशा वेळी माल टाकाऊ आहे असे सांगून तो स्वस्तात उचलणे मला पाप वाटते. मी सतरंजीवरच बसलो आणि त्याला सगळे समजावून सांगितले. त्या लिलावातील प्रत मूळ कंपनीची होती, तज्ज्ञांनी तपासून तिला ९.८ असा जवळजवळ पूर्ण दर्जा दिलेला होता, आणि किंमत त्या निष्कलंक अवस्थेची होती. पहिला सुपर मारिओ ब्रदर्स हा तर जगात चार कोटींहून अधिक प्रती खपलेला खेळ आहे, त्याची सुटी कॅसेट मुळीच दुर्मीळ नाही. त्यांच्याकडचा माल नक्कल होता, त्याला परदेशात फार भाव नाही, पण विदर्भातल्या यात्रेत काय विकले जात होते याचा पुरावा म्हणून मला तो मोलाचा वाटत होता. त्याच्या मामांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "खरं सांगून राह्यले ते, दे त्यायले." आम्ही ठरवलेली रक्कम दोघांनाही मान्य होती, आणि दोन पाकिटे मी त्यांच्याकडेच राहू दिली, कारण पुढे भाव चढला तर त्यांच्या हाती काही असावे.

सोमवार, अंजनगाव आणि दर्यापूरमार्गे मूर्तिजापूर

दिवस भंगाराच्या दुकानांत गेला आणि हाती काही आले नाही. त्याचे कारण भंगाराच्या व्यवहारातच आहे. कॅसेटीचे प्लास्टिक वजनाला हलके असल्यामुळे ती तशीच विकून काही मिळत नाही, म्हणून ती त्याच दिवशी फोडली जाते, प्लास्टिक एका ढिगात आणि पट्टी इलेक्ट्रॉनिक भंगाराच्या पोत्यात. दर्यापुरात मला अशा पोत्यात सुट्या झालेल्या साठ पिनांच्या पट्ट्या दिसल्याही, पण कवच आणि लेबल गेल्यावर ती कॅसेट कोणती होती हे सांगता येत नाही. दिवाळीच्या साफसफाईच्या आधी माळ्यापर्यंत पोचावे लागते, भंगारापर्यंत नव्हे. मूर्तिजापूर स्टेशनावर शकुंतलेच्या, म्हणजे बंद पडलेल्या नॅरोगेज रेल्वेच्या, रुळांत गवत माजलेले होते.

मंगळवार, दारव्ह्याजवळचे एक खेडे

यवतमाळच्या रस्त्यावर दारव्ह्याच्या अलीकडे एका गावात व्हिडिओ गेमचे पार्लर होते, असे मूर्तिजापूरच्या लॉजवर समजले. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या कुटुंबाकडे अनोळखी लोकांची रीघ लागू नये असे मला वाटते. पार्लर चालवणारे गृहस्थ आता शेती करतात. खळ्यावर तुरीची मळणी चालू होती, तरी मजुरांच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला घरी नेले आणि धान्याच्या कोठीमागून एक पत्र्याचा डबा काढला.

या प्रवासात जे पाहिले त्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो हा डबा. तासाला पाच रुपये घेऊन मुलांना खेळू देणाऱ्या माणसाला कॅसेट नीट ठेवणे भागच असते, कारण तीच त्याची मिळकत असते. प्रत्येक कॅसेटीवर ऑइल पेंटने क्रमांक टाकलेला होता आणि डब्याच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली होती, कोणता क्रमांक म्हणजे कोणता खेळ आणि तो नागपूरहून कधी आणला. पुढे खेड्यांत भारनियमन वाढले तेव्हा त्यांनी बॅटरीवर पार्लर चालवून पाहिले, ते परवडेना, आणि सेट बंद झाला. "पोट्टे म्हनत, काका, लाइन आली का? मंग येऊ," असे ते सांगत होते आणि त्यांच्या पत्नी आतून हसत होत्या.

वापर प्रचंड झालेला होता. पट्ट्यांवर ओरखड्यांचे दाट जाळे होते, आणि कॅसेट चालली नाही की मुले तिच्यात फुंकर मारत, त्याचा परिणामही दिसत होता. फुंकरीने कॅसेट चालू होते असे आपल्याला लहानपणी वाटे, पण प्रत्यक्षात चालू होते ती काढून पुन्हा बसवल्यामुळे पिनांची जागा किंचित बदलते म्हणून. फुंकरीतील ओलावा मात्र धातूवर राहतो आणि वर्षांनी हिरवट थर धरतो. उपाय सोपा आहे : कापसाची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, हलक्या हाताने, काडी काळी यायची थांबेपर्यंत. खोडरबर अनेक जण वापरतात, पण स्वस्त कॅसेटींवरील मुलामा आधीच पातळ असतो आणि रबराने तो खरवडला जातो, म्हणून मी ते टाळतो. एवढे असूनही पट्ट्यांची अवस्था मला मुंबईत मिळणाऱ्या मालापेक्षा बरी वाटली. आपल्याकडची कोरडी हवा धातूला मानवते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की त्रास होतो तो लेबलाला : डिंक वाळतो, कागद सुटतो, आणि पुठ्ठ्याचा डबा असेल तर उरलेले काम वाळवी आणि उंदीर करतात. पुठ्ठ्यातील न उघडलेली कॅसेट खेड्यात इतकी दुर्मीळ का, याचे उत्तर यातच आहे.

सातव्या क्रमांकाची कॅसेट कॉन्ट्रा या गोळीबाराच्या खेळाची होती. माझ्याजवळच्या लहान यंत्रावर ती त्यांच्या टीव्हीला जोडून पाहिली. कोनामी या कंपनीने १९८८ मध्ये जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमच्या कॉन्ट्रात प्रत्येक टप्प्याआधी नकाशा दिसतो आणि पहिल्या टप्प्यातील झाडांची पाने हलतात, अमेरिकन आवृत्तीत या दोन्ही गोष्टी नाहीत. इथे नकाशा आला नाही आणि पाने स्थिर होती. म्हणजे साठ पिनांच्या जपानी घाटाच्या कवचात अमेरिकन आवृत्तीची नक्कल भरून ती या खेड्यात पोचली होती. असा माग काढता येतो, म्हणूनच मी नकलांनाही मूळ कॅसेटींइतकेच जपतो.

डबा त्यांनी विकला नाही. मी मागितलाही नाही, कारण क्रमांक, यादी आणि तो चालवणारा माणूस एकत्र असण्यातच त्याची किंमत आहे. यादीचे आणि प्रत्येक कॅसेटीच्या दोन्ही बाजूंचे फोटो त्यांनी आनंदाने काढू दिले.

बुधवार, वणी आणि घुग्घुस

कोळशाच्या वसाहतींबद्दलचा माझा अंदाज बरोबर ठरला. निवृत्त कामगारांच्या घरी चौकशी करता करता घुग्घुसमध्ये एका मावशींनी दिवाणाखालून मुलांची सुटकेस ओढून काढली. तिच्यात मिताशी कंपनीचे गेम यंत्र, दोन रिमोट, लाल नळीची बंदूक आणि मूठभर कॅसेटी होत्या. प्रत्येक कॅसेटीच्या खाचेत बारीक काळी धूळ बसली होती. कोळशाच्या पट्ट्यात ही धूळ सर्वत्र शिरते, आणि ती ओल्या काडीने पुसण्याआधी कोरड्या ब्रशने झाडून काढावी लागते, नाहीतर तिचा लगदा पिनांमध्ये अडकतो.

बंदूक नव्या सपाट टीव्हीवर का चालत नाही, असे मावशींच्या नातवाने विचारले. डक हंट या बदके टिपण्याच्या खेळात चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतील प्रकाशग्राहक तो उजेड ठरलेल्या क्षणी दिसतो का ते पाहतो. चित्रनळीच्या टीव्हीत हा उजेड लगेच येतो, सपाट टीव्हीत तो थोडा उशिरा येतो आणि नेम चुकल्यासारखा धरला जातो. शेजारच्या घरात जुना चित्रनळीचा टीव्ही होता, तिथे सगळी गल्ली जमली आणि नातवाने आयुष्यातील पहिले बदक पाडले. मावशींनी कॅसेटी दिल्या, बंदूक मात्र ठेवून घेतली.

गुरुवार, बल्लारपूर

बल्लारपुरात पेपर मिलच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांकडे सेगा या जपानी कंपनीचे मेगा ड्राइव्ह हे गेम यंत्र आहे, असे वणीत कळले होते. सेगाने १९९५ मध्ये शॉ वॉलेस या भारतीय कंपनीमार्फत हे यंत्र भारतात आणले, आयातीवरील ८० टक्के कर टाळण्यासाठी तसा करार केला होता, तरी त्याची किंमत अठरा हजार रुपये होती. त्या काळी एवढ्या पैशांत घरात काय काय येऊ शकत होते हे लक्षात घेतले, तर ग्रामीण विदर्भात हे यंत्र का दिसत नाही ते वेगळे सांगावे लागत नाही. त्यांच्या कपाटात ते डब्यासह होते, आणि सॉनिक या खेळाची १९९१ची कॅसेट तिच्या प्लास्टिकच्या डबीत माहितीपुस्तिकेसह उभी ठेवलेली होती. विकण्याचा प्रश्नच नव्हता. मुलगा पुण्याहून आला की तो खेळतो. त्यांनी मला पुस्तिकेचे प्रत्येक पान पाहू दिले.

दुपारी तिथल्याच एका मेकॅनिकच्या टेबलावर मी बहिरमच्या पाकिटांपैकी एक उघडले. न उघडलेली वस्तू कधीच उघडू नये असे मानणारे संग्राहक आहेत आणि त्यांचा आग्रह मी समजू शकतो, पण एकाच छापाची अनेक पाकिटे हाती असताना त्यांतील एक उघडणे मला कर्तव्य वाटते, कारण अशा कॅसेटींच्या लेबलावर जे लिहिलेले असते ते आत असतेच असे नाही, आणि बाकीच्या बंद पाकिटांत काय आहे हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. गंजलेली पिन आम्ही चिमट्याने सरळ करून वेगळी ठेवली, कागदाचे फोटो काढले, मग कॅसेट यंत्रात बसवली. ती पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली. पडद्यावर चौसष्ट नावांची यादी आली. प्रत्येक खेळ चालवून पाहिल्यावर त्यांत वेगळे खेळ अकराच निघाले, बाकीची नावे त्याच खेळांचे पुढचे टप्पे होते. रोड फायटर, बॅटल सिटी, सर्कस चार्ली, एक्साइटबाइक ही ओळखीची मंडळी सगळी होती. आत काळ्या इपॉक्सीचे दोन थेंब होते, पायांची चिप एकही नव्हती. हे सगळे मी वहीत पाकिटावरील किमतीच्या चिठ्ठीसह उतरवून घेतले आणि बाकीची पाकिटे बंदच ठेवली.

वही मिटण्याआधी मेकॅनिकभाऊंनी राजुऱ्याच्या एका जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्याचा पत्ता सांगितला. त्यांनी दुकान बंद केले असले तरी माळा अजून रिकामा केलेला नाही.